ऑन पॉइंट, सॅशिंग, कोपिंग: क्विल्टच्या पॅटर्नमधले शब्द कसे वाचायचे

"१२ इंची १८ ब्लॉक, ऑन पॉइंट, ३ × ४ सेट." क्विल्टच्या, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून शिवलेल्या गोधडीच्या, पॅटर्नच्या पहिल्या पानावर एवढी एकच ओळ असते आणि नव्यानं वाचणाऱ्याचा गोंधळ तिथेच सुरू होतो. तीन चोक बारा, मग १८ ब्लॉक कुठून आले? बारा इंची ब्लॉक तीन बाय चार मांडले तर क्विल्ट ३६ बाय ४८ इंचांची व्हायला हवी, पण खाली माप दिलंय ५१ बाय ६८. ही छपाईची चूक नाही. या ओळीतल्या प्रत्येक शब्दात एक हिशेब दडलेला आहे: तुकडे किती लागतील, कापड कोणत्या दिशेनं कापायचं आणि शेवटी क्विल्ट केवढी होईल. हा हिशेब उलगडता आला की पॅटर्न वाचता येतो, आणि हवा तसा बदलताही येतो.

पॅटर्नमध्ये दोन निर्णय एकत्र बांधलेले असतात. एक ब्लॉकचा, म्हणजे त्या चौकोनाच्या आत काय आहे याचा. दुसरा सेटिंगचा, म्हणजे ते चौकोन एकमेकांशेजारी कसे बसवायचे याचा. ब्लॉक निवडण्यात आपण दिवसेंदिवस घालवतो आणि सेटिंग पॅटर्नमध्ये असेल तेच घेतो. खरं तर क्विल्टचा चेहरामोहरा सेटिंगच ठरवतं, आणि कापडाचा खर्चही. म्हणून पुढे एकच ब्लॉक धरून चालू या: बारा इंची सॉटूथ स्टार. मधे एक मोठा चौकोन, भोवती आठ टोकं, चार कोपऱ्यांत चार लहान चौकोन.

तयार माप, कापायचं माप

पॅटर्नमध्ये "१२ इंची ब्लॉक" म्हटलेलं असतं तेव्हा ते बहुतेक वेळा तयार माप असतं, म्हणजे चारही बाजूंनी शिवला गेल्यावर क्विल्टमध्ये जेवढा दिसतो तेवढा ब्लॉक. इंग्रजी पॅटर्नमधलं "फिनिश्ड" ते हेच. मशीनवरून उतरलेला, अजून कशालाच न जोडलेला तोच ब्लॉक साडेबारा इंचांचा असतो, कारण चारही बाजूंना पाव इंच माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेलं कापड, शिल्लक असते. ते "अनफिनिश्ड" माप. पाव इंच माया कपडे शिवणाऱ्याला फारच कमी वाटते, पण क्विल्टमध्ये इतक्या शिवणी जवळजवळ येतात की जास्त माया ठेवली तर मागच्या बाजूला कापडाचे थर साचतात.

याच संदर्भात "स्कँट पाव इंच" हा शब्द येतो. म्हणजे पाव इंचाला एखाद-दुसरा धागा कमी. शिवण इस्त्रीनं एका बाजूला पाडली की घडीच्या वळणात थोडं कापड जातं, तेवढी भरपाई यातून होते. वाचायला क्षुल्लक वाटतं, पण हिशेब करून पाहा. इंचाचे आठ सूत धरू. शिवण अर्धा सूत खोल पडली, तर दोन्ही तुकड्यांचं मिळून प्रत्येक शिवणीत एक सूत जातं. आपल्या स्टारच्या एका ओळीत दोन शिवणी आहेत, म्हणजे ब्लॉक दोन सूत लहान. असे पाच ब्लॉक एका ओळीत, म्हणजे दहा सूत. ते जोडणाऱ्या चार शिवणींचे आणखी चार. एका ओळीत पावणेदोन इंच गेले, आणि बॉर्डर मात्र कागदावरच्या मापानं कापलेली.

हे आधीच तपासता येतं. दीड इंच रुंद, पाच इंच लांब अशा तीन पट्ट्या लांबीच्या बाजूंनी जोडा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर एक इंच भरली पाहिजे. कमी भरली तर शिवण खोल पडते आहे. मशीनची सुई एक घर सरकवा किंवा मार्गदर्शक पट्टी हलवा, आणि पुन्हा तीन पट्ट्या शिवून पाहा. ब्लॉक कापायला घेण्याआधी ही दहा मिनिटं द्यायलाच हवीत.

ग्रिड: ब्लॉकचा सांगाडा

फोर पॅच, नाइन पॅच, फाइव्ह पॅच, सेव्हन पॅच ही नावं ब्लॉकचा सांगाडा सांगतात. नाइन पॅच म्हणजे तीन बाय तीनची जाळी. फाइव्ह पॅच म्हणजे पाच तुकडे नव्हेत, तर पाच बाय पाचची जाळी, आणि सेव्हन पॅच म्हणजे सात बाय सात. फोर पॅच मुळात दोन बाय दोन, पण त्याचेच भाग पाडून चार बाय चार झालं तरी नाव तेच राहतं. आपला सॉटूथ स्टार या चार बाय चारच्या जाळीवर बसतो, म्हणून बारा इंचात प्रत्येक घर तीन इंचांचं.

जाळी ओळखण्याचा खरा उपयोग माप बदलताना होतो. बेअर्स पॉ हा सात घरांचा ब्लॉक आहे. तो ७, साडेदहा किंवा १४ इंचांचा केला तर घर एक, दीड किंवा दोन इंचांचं येतं. बारा इंचांचा करायला गेलात तर घर १.७१ इंचांचं येईल आणि कोणत्याच मोजपट्टीवर ती रेघ सापडणार नाही. एका क्विल्टमध्ये वेगवेगळे ब्लॉक घ्यायचे असतील, ज्याला सँपलर म्हणतात, तर आधी सगळ्यांची जाळी पाहावी. बारा इंचांना तीन, चार आणि सहा यांनी भाग जातो, म्हणूनच ते माप इतकं प्रचलित आहे.

ब्लॉकच्या नावावर मात्र फार विसंबू नये. चर्न डॅश, मंकी रेंच, होल इन द बार्न डोर ही एकाच ब्लॉकला मिळालेली नावं. अमेरिकेत कॅन्सस सिटी स्टार या वृत्तपत्रात १९२८ ते १९६१ या काळात ब्लॉकचे नमुने छापून येत होते, आणि असे नमुने प्रदेशाप्रदेशात नवी नावं घेत फिरले. नावापेक्षा जाळी पक्की.

सात सूत आणि सव्वा इंच

पॅटर्नमध्ये "तयार मापात ७/८ इंच मिळवा" किंवा "सव्वा इंच मिळवा" असं वारंवार येतं. हे आकडे पाठ करण्यापेक्षा कुठून येतात ते पाहिलं तर विसरत नाहीत.

साध्या चौकोनाला दोन्ही बाजूंना पाव-पाव मिळून अर्धा इंच लागतो. चौकोन कर्णात कापून दोन त्रिकोण केले, की काटकोनाच्या टोकाकडे पाव इंच पुरतो, पण ४५ अंशांच्या निमुळत्या टोकाकडे तिरकी शिवण येते आणि तिथे सहा दशांश इंच लागतो. दोन्ही मिळून ०.८५, म्हणजे जवळजवळ सात सूत. हा हाफ स्क्वेअर ट्रायँगल, पॅटर्नमध्ये एचएसटी. तोच चौकोन दोन्ही कर्णांवर कापून चार त्रिकोण केले, तर मूळ बाजूच्या दोन्ही टोकांना निमुळते कोन येतात. सहा दशांश दुप्पट, १.२, म्हणून सव्वा इंच. हा क्वार्टर स्क्वेअर ट्रायँगल, क्यूएसटी.

स्टारची टोकं ज्या घटकातून होतात तो फ्लाइंग गीझ: उंचीच्या दुप्पट रुंद आयत, मधे मोठा त्रिकोण, दोन्ही बाजूंना लहान. आपल्याला ३ बाय ६ इंचांचे चार हवेत. ते एकाच वेळी चार निघतात. पार्श्वभूमीच्या कापडाचा सव्वासात इंचांचा एक चौकोन आणि स्टारच्या रंगाचे ३ इंच ७ सुतांचे चार चौकोन घ्या. मोठ्या चौकोनाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवर दोन लहान चौकोन सुलट बाजूवर सुलट बाजू येईल असे ठेवा. मधे त्यांची टोकं एकमेकांवर जातील, जाऊ द्या. कर्णावर रेघ मारून तिच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर टीप घाला, रेघेवर कापा, इस्त्री करा. दोन बदामासारखे तुकडे मिळतील. प्रत्येकाच्या उरलेल्या मोठ्या कोपऱ्यावर एकेक लहान चौकोन ठेवून पुन्हा तेच. प्रत्येक तुकडा साडेतीन बाय साडेसहा आला पाहिजे, आणि मधल्या त्रिकोणाचं टोक वरच्या कडेपासून पाव इंच खाली राहिलं पाहिजे. टोक अगदी कडेला टेकलेलं असेल तर जोडताना ते शिवणीत जाईल आणि स्टारचे कोन बोथट दिसतील. मधल्या चौकोनाचं कापायचं माप साडेसहा इंच, कोपऱ्यांच्या चार चौकोनांचं साडेतीन.

सरळ मांडणी

स्ट्रेट सेट म्हणजे ब्लॉकच्या बाजू क्विल्टच्या कडांना समांतर. आडव्या ओळी शिवायच्या, मग ओळी एकमेकींना जोडायच्या. यात लक्ष द्यायचं ते शिवणी पाडण्याकडे. पहिल्या ओळीच्या सगळ्या शिवणी डावीकडे, दुसरीच्या उजवीकडे. मग ओळी जोडताना शिवणी एकमेकींत अडकतात आणि कोपरे आपोआप जुळतात. पॅटर्नमध्ये "नेस्ट" लिहिलेलं असतं ते हेच.

ब्लॉक मधे काही न घालता एकमेकांना भिडवले की सेकंडरी पॅटर्न उमटतो, म्हणजे कोणत्याही एका ब्लॉकमध्ये नसलेला आकार चार ब्लॉकच्या संगमावर दिसू लागतो. सॉटूथ स्टारच्या कोपऱ्यांचे चार चौकोन एकत्र आले की ६ इंचांचा एक चौकोन तयार होतो. कोपऱ्यांना वेगळा रंग दिला तर तो स्टारइतकाच ठळक होतो. हे हवं असेल तर छान, नको असेल तर कोपरे पार्श्वभूमीच्याच रंगाचे ठेवा.

सेटिंगचं सामर्थ्य सगळ्यात स्पष्ट दिसतं ते लॉग केबिनमध्ये. मधे एक चौकोन, भोवती पट्ट्या, लगतच्या दोन बाजूंना फिक्या आणि उरलेल्या दोन बाजूंना गडद. ब्लॉक एकच, पण फिरवून मांडला की चौकटीच्या आत चौकट (बार्न रेझिंग), तिरके पट्टे (स्ट्रेट फरोज), आळीपाळीनं फिकी-गडद शंकरपाळी (सनशाइन अँड शॅडो), नागमोडी विजेची रेघ (स्ट्रीक ऑफ लाइटनिंग). बार्न रेझिंगसाठी आडव्या आणि उभ्या दोन्ही ओळींत ब्लॉकची संख्या सम हवी, नाहीतर मधोमध केंद्र मिळत नाही. हे सगळं रंगावर नाही, व्हॅल्यूवर चालतं. व्हॅल्यू म्हणजे कापड किती गडद किंवा फिकं आहे ते. लाल आणि हिरवा डोळ्यांना वेगळे दिसतात, पण व्हॅल्यू सारखी असली तर दुरून एकच दिसतात. कापडांचा फोनवर काळा-पांढरा फोटो काढला की लगेच कळतं.

अल्टरनेट ब्लॉक म्हणजे एक शिवलेला, एक साधा, अशी बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी. इथे दोन्ही दिशांना विषम संख्या घ्यावी. पाच बाय सात केलं तर १८ स्टार आणि १७ साधे चौकोन, आणि चारही कोपऱ्यांत स्टार. चार बाय सहा केलंत तर दोन कोपऱ्यांत स्टार आणि दोन कोपरे रिकामे. साधा चौकोन साडेबारा इंचांचा कापायचा. शिवलेले ब्लॉक प्रत्यक्षात सव्वाबारा भरत असतील तर साधेही सव्वाबाराच कापा. एकमेकांना जुळणं कागदाशी जुळण्यापेक्षा महत्त्वाचं.

सॅशिंग आणि कॉर्नरस्टोन

ब्लॉकच्या मधून जाणाऱ्या पट्ट्या म्हणजे सॅशिंग आणि पट्ट्या जिथे मिळतात तिथला छोटा चौकोन म्हणजे कॉर्नरस्टोन. सॅशिंगमुळे प्रत्येक ब्लॉकला स्वतःची जागा मिळते. त्यामुळे सँपलरला ते फार शोभतं, पण सेकंडरी पॅटर्न मात्र तुटतो.

संख्या अशी काढायची. चार आडवे, पाच उभे ब्लॉक, बाहेरूनही पट्टी हवी. उभ्या पट्ट्या: एका ओळीत पाच, पाच ओळी, २५. आडव्या: ओळीत चार, सहा थर, २४. एकूण ४९ पट्ट्या आणि ३० कॉर्नरस्टोन. बाहेरची पट्टी नको असेल तर १५ अधिक १६, म्हणजे ३१ पट्ट्या आणि १२ कॉर्नरस्टोन. दोन इंची सॅशिंगसाठी पट्टी अडीच बाय साडेबारा कापायची, कॉर्नरस्टोन अडीच बाय अडीच. बाहेरच्या पट्टीसह क्विल्ट ५८ बाय ७२ होते. रुंदी ब्लॉकच्या जाळीच्या एका घरापेक्षा थोडी कमी ठेवली तर नजर ब्लॉककडे राहते. तीन इंची घर असलेल्या स्टारला दीड ते दोन इंची पट्टी पुरे.

कॉर्नरस्टोन हे केवळ सजावटीसाठी नसतात. ते नसले की आडवी पट्टी एकसंध, चार-पाच फूट लांब होते, आणि तिच्या वरचा आणि खालचा ब्लॉक एका रेषेत ठेवायला काहीच आधार राहत नाही. खालची ओळ हळूहळू सरकते आणि ते शेवटी लक्षात येतं. कॉर्नरस्टोन नको असतील तर वरची ओळ शिवून झाल्यावर पट्टीच्या मोकळ्या कडेवर प्रत्येक उभ्या शिवणीच्या सरळ रेषेत खूण करा, आणि खालची ओळ त्या खुणांना टाचणीनं जोडून मगच शिवा. शिवणी सॅशिंगच्या बाजूला पाडल्या की सगळं सपाट बसतं.

ऑन पॉइंट

आता ती सुरुवातीची ओळ. ऑन पॉइंट म्हणजे ब्लॉक एका कोपऱ्यावर उभा, शंकरपाळीसारखा. आता ब्लॉकची रुंदी बाजूइतकी नाही, कर्णाइतकी मोजायची. कर्ण म्हणजे बाजू गुणिले १.४१४. बारा इंचांचा ब्लॉक १७ इंच जागा व्यापतो. तीन आडवे म्हणजे ५१, चार उभे म्हणजे ६८. आणि अशा चार ब्लॉकच्या मधे जी शंकरपाळीच्या आकाराची जागा उरते, तिथे आणखी एक ब्लॉक बसतो. तीन बाय चारच्या मांडणीत अशा जागा दोन बाय तीन, सहा. बारा अधिक सहा, अठरा.

कडांना ब्लॉकच्या मधे त्रिकोणी खाचा उरतात. त्या भरणारे ते साइड सेटिंग ट्रायँगल. इथे वर-खाली प्रत्येकी दोन आणि बाजूंना प्रत्येकी तीन, एकूण दहा. चार कोपऱ्यांत चार लहान कॉर्नर ट्रायँगल.

हे त्रिकोण कसे कापायचे, इथेच बहुतेक क्विल्ट बिघडतात. कापड उभ्या आणि आडव्या धाग्याच्या दिशेनं फारसं ताणलं जात नाही, पण उरेब, म्हणजे ४५ अंशांच्या तिरक्या दिशेनं, रबरासारखं ताणलं जातं. क्विल्टच्या बाहेरच्या कडेवर उरेब बाजू आली तर हाताळता हाताळता ती कड लांबते, लाटा पडतात, आणि कोणतीही बॉर्डर तिला सपाट करू शकत नाही. म्हणून नियम एकच: बाहेरच्या कडेवर सरळ धागा. साइड त्रिकोणाची लांब बाजू बाहेर येते, म्हणून सरळ धागा लांब बाजूवर हवा, आणि तो मिळतो चौकोन दोन्ही कर्णांवर कापून चार त्रिकोण केले तर. कोपऱ्याच्या त्रिकोणाच्या आखूड बाजू बाहेर येतात, म्हणून तिथे चौकोन एकाच कर्णावर कापून दोन. एकच चौकोन लहान-मोठा घेऊन सगळे त्रिकोण एका पद्धतीनं कापले तर आकार बरोबर भरतो, सगळं जुळतंही, आणि तरी कडा लाटांसारख्या होतात. चूक दिसत नाही, म्हणून सापडतही नाही.

मापं अशी. साइडसाठी तयार ब्लॉक गुणिले १.४१४ अधिक सव्वा इंच: १६.९७ अधिक १.२५, म्हणजे सव्वाअठरा इंचांचा चौकोन. दहा त्रिकोणांना तीन चौकोन लागतात, दोन त्रिकोण उरतात. कोपऱ्यांसाठी तयार ब्लॉक भागिले १.४१४ अधिक सात सूत: ९ इंच ३ सुतांचे दोन चौकोन. सव्वा आणि सात सूत तेच, मघाशी पाहिलेले. ४२ इंच पन्ह्याच्या कापडात सव्वाअठरा रुंदीची पहिली पट्टी दोन मोठे चौकोन देते, आणि दुसऱ्या पट्टीत तिसरा मोठा चौकोन आणि कोपऱ्यांचे दोन्ही चौकोन बसतात. म्हणजे साडेछत्तीस इंच कापड. धुऊन आकसणं आणि कडा सरळ करणं धरून एक मीटर घ्यावं.

काही पॅटर्नमध्ये "फ्लोट" हा शब्द असतो. त्यात हे त्रिकोण मुद्दाम मोठे कापतात, त्यामुळे ब्लॉकची टोकं बॉर्डरला न टेकता थोडी आत राहतात आणि पार्श्वभूमीवर तरंगल्यासारखी दिसतात. आपल्या मापात साइडचे चौकोन २० इंचांचे आणि कोपऱ्यांचे साडेअकराचे घेतले तर पाऊण इंचाहून थोडं जास्त तरंगणं मिळतं. शेवटी कडा एका रेषेत कापून घ्यायच्या. टोकं जुळण्याची भीती राहत नाही, म्हणून पहिल्यांदा ऑन पॉइंट करणाऱ्यानं फ्लोटच निवडावा.

शिवताना ओळी तिरक्या असतात. १८ ब्लॉकच्या या मांडणीत सहा ओळी: १, ३, ५, ५, ३, १. सगळं जमिनीवर मांडून फोटो काढून ठेवा आणि प्रत्येक ओळीच्या पहिल्या ब्लॉकवर क्रमांकाची चिठ्ठी टाचा. ओळीच्या टोकाला साइड त्रिकोण जोडताना त्याचा काटकोन ब्लॉकच्या त्या कोपऱ्याशी जुळवा जो क्विल्टच्या मध्याकडे, पुढच्या ओळीला लागणार आहे. दुसऱ्या टोकाला त्रिकोणाचं निमुळतं टोक ब्लॉकच्या बाहेर डोकावेल. ते डोकावलंच पाहिजे. दोन्ही टोकं सारखी वाटून मधे बसवलं की ओळीची कड तुटते आणि पुढची ओळ बसत नाही. ब्लॉकला लागणारी त्रिकोणाची बाजू उरेब असते, म्हणून शिवताना त्रिकोण खाली, मशीनच्या दात्यांकडे ठेवा आणि ब्लॉक वर. दाते सैल बाजू आत ओढून घेतात. कापण्याआधी कापडाला खळ देऊन कडक इस्त्री केली तर उरेब बाजू आणखी शहाण्यासारखी वागते. बाहेर आलेले कान कापून मगच पुढची ओळ जोडा. चारही कोपरे सगळ्यात शेवटी.

एक गोष्ट नजरेची. टोपलीचा ब्लॉक मुळात कर्णावर रचलेला असतो, त्यामुळे ऑन पॉइंट मांडला की टोपली ताठ उभी राहते आणि सरळ मांडला की कलंडते. घराच्या ब्लॉकचं नेमकं उलट.

इतर मांडण्या, थोडक्यात

मेडॅलियन सेटमध्ये मधे एक मोठा ब्लॉक आणि भोवती एकामागून एक चौकटी. पेनसिल्वेनियातल्या लँकेस्टर काउंटीच्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या क्विल्टमधला सेंटर डायमंड हा याचा अगदी मोजका, भरदार नमुना. इथे प्रत्येक चौकटीनंतर मोजायचं, कारण चूक बाहेरच्या बाजूला वाढत जाते. स्ट्रिप सेट किंवा स्ट्रिपी म्हणजे उभे लांब पट्टे. इंग्लंडच्या उत्तरेला डरहम आणि नॉर्थंबरलँड भागात अशा क्विल्टची मोठी परंपरा आहे. झिगझॅग सेटमध्ये ऑन पॉइंट ब्लॉकचे उभे स्तंभ असतात आणि एकाआड एक स्तंभ अर्ध्या ब्लॉकनं खाली सरकवलेला असतो. स्तंभांच्या दोन्ही कडांचे त्रिकोण साइड ट्रायँगलच्याच पद्धतीनं कापायचे, कारण इथे स्तंभांच्या लांब शिवणी त्यांच्याच लांब बाजूंवर पडतात.

बॉर्डर आणि कोपिंग पट्टी

बट बॉर्डर म्हणजे आधी दोन उभ्या पट्ट्या, मग वर-खाली दोन आडव्या, सरळ टोकं. माइटर्ड बॉर्डर म्हणजे कोपऱ्यात ४५ अंशांची तिरकी शिवण, फोटोच्या फ्रेमसारखी. त्यासाठी पट्टीची लांबी क्विल्टच्या बाजूइतकी, अधिक बॉर्डरच्या रुंदीची दुप्पट, अधिक हाताशी चार इंच. कापडावर उभे पट्टे असतील तरच हा खटाटोप सार्थकी लागतो.

लांबच लांब पट्टी शिवत जाणं आणि शेवटी उरलेली कापून टाकणं, या सवयीनं जितक्या बॉर्डर लाटा मारतात तितक्या दुसऱ्या कशानं नाही. मशीन वरचं आणि खालचं कापड सारखं पुढे नेत नाही आणि कड हाताळून आधीच थोडी ताणलेली असते. म्हणून क्विल्टची लांबी मधोमध आणि दोन्ही कडांपासून थोडं आत, अशी तीन ठिकाणी मोजा. सरासरी काढा, दोन्ही पट्ट्या तेवढ्याच कापा. पट्टी आणि क्विल्ट दोन्हींचा मध्य आणि चतुर्थांश टाचणीनं जुळवा आणि मधलं कापड सारखं वाटून घ्या. तीन मापांत अर्ध्या इंचाहून जास्त फरक असेल तर बॉर्डर बाजूला ठेवून आधी आतली कुठली ओळ बिघडली ते शोधा.

पीस्ड बॉर्डर, म्हणजे छोट्या घटकांची बॉर्डर लावायची असेल तर कोपिंग पट्टी, म्हणजे माप जुळवायला मधे लावायची साधी पट्टी, कामाला येते. मघाची ५८ बाय ७२ची क्विल्ट घ्या. तिला तीन इंची एचएसटींची बॉर्डर हवी. ५८ला तीननं भाग जात नाही. दोन्ही बाजूंना एक इंचाची साधी पट्टी लावली की रुंदी ६०, वर-खाली दीड इंचाची लावली की उंची ७५. आता वर-खाली वीस-वीस घटक, बाजूंना पंचवीस-पंचवीस, कोपऱ्यांत चार, एकूण ९४. कापायच्या पट्ट्या दीड आणि दोन इंचांच्या. एका बाजूला एक आणि दुसरीकडे दीड, हा फरक डोळ्याला कळत नाही, विशेषतः पट्टी पार्श्वभूमीच्याच कापडाची असली तर.

"क्विल्ट ॲज डिझायर्ड"

बहुतेक पॅटर्नची शेवटची ओळ हीच: हवी तशी क्विल्टिंग करा. वरचा थर, मधलं भरण आणि अस्तर एकत्र धरणाऱ्या टिपेची नक्षी तुमच्यावर सोडलेली असते. स्टिच इन द डिच म्हणजे शिवणीच्या खाचेतूनच टीप. एको म्हणजे आकाराभोवती समान अंतरावर वाढत जाणाऱ्या रेघा. क्रॉसहॅच म्हणजे तिरकी जाळी. मिअँडर म्हणजे स्वतःला न छेदणारी नागमोडी रेघ. पँटोग्राफ म्हणजे ब्लॉककडे न पाहता एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जाणारी एकच नक्षी.

ही निवड पूर्ण मोकळी मात्र नसते. भरणाच्या वेष्टनावर दोन टिपांमधलं जास्तीत जास्त अंतर लिहिलेलं असतं. समजा ते चार इंच आहे. स्टारच्या ब्लॉकला खाचेतली टीप जवळजवळ पुरते, कारण शिवणी जवळजवळ आहेत. मधल्या सहा इंची चौकोनात दोन्ही कर्णांवर टीप टाकली की काम झालं. पण अल्टरनेट मांडणीतला साधा चौकोन बारा इंचांचा सलग आहे आणि ऑन पॉइंटचा साइड त्रिकोण बाहेरच्या कडेला १७ इंचांचा. तिथे फक्त कडेनं टीप घातली तर काही धुण्यांनंतर भरण गोळा होऊन एका कोपऱ्यात जाऊन बसेल. त्यामुळे साधे ब्लॉक घालून शिवणकाम निम्मं वाचवलंत, तर त्या रिकाम्या चौकोनांत पिसं, वेल किंवा दोन-अडीच इंचांची जाळी भरण्याचा वेळ मांडणी ठरवतानाच हिशेबात धरा.